दृष्टिहीन मुलांची खेळसाधने

(बोईसर-तारापूर भागातील प्राथमिक शिक्षकांपुढे केलेले भाषण)



कार्यक्रमपत्रिकेवर माझ्या नावापुढे छापलेला विषय वाचून आपणांपैकी काहींच्या मनात आले असेल, की आमच्या शाळेत असे मूल एकच आहे. त्या एका मुलासाठी खास साधने ती काय करावयाची? मला आज बोलावयाचे आहे ते नेमके या 'एकच' शब्दाविषयी. साधनाची सारी अडचण त्या शब्दात आहे, आणि तिची सोडवणूकही मला तेथेच सापडली आहे.

मुंबईला दृष्टिहीनांच्या स्वतंत्र शाळा आहेत आणि त्या जुन्या आहेत. अमेरिकन मराठी मिशनच्या मिस अ‍ॅना मिलार्ड यांनी दादरच्या अंधशाळेचे काम १९०० साली आरंभिले. राष्ट्रीय अंध संघ १९५२ साली मुंबईतच स्थापन झाला. २०१३ पासून मुंबईची उपनगरी गाडी डहाणूपर्यंत येते, म्हणजे अंतराच्या हिशेबाने या संस्था फार दूर नाहीत. परंतु मोखाड्याच्या किंवा विक्रमगडच्या पाड्यावरील आईबाप सहा वर्षांचे मूल मुंबईस पाठवावयास धजत नाहीत, आणि त्यांना दोष देण्याचे मला कारण दिसत नाही. ते मूल आपल्याच शाळेत येते. दादरच्या वर्गात सगळीच मुले दृष्टिहीन असल्यामुळे खेळाचा संघ आपोआप तयार होतो. आपल्या वर्गात ते मूल एकटे असते. म्हणून तेथील खेळ जसाच्या तसा उचलून येथे चालत नाही.

मग आपण काय करतो? शाळा पाहत हिंडताना मला बहुधा एकच दृश्य दिसते. खेळाची तासिका सुरू होते, मुले मैदानावर पळतात, आणि हे मूल ओट्यावर किंवा झाडाच्या सावलीत बसविले जाते. एका शाळेच्या नोंदवहीत तर त्याच्या नावापुढे सुबक अक्षरात 'खेळातून सूट' असे लिहिलेले होते. लिहिणाऱ्याच्या मनात दयाच असेल. पण इयत्ता चौथीपर्यंत पोहोचलेली ती मुलगी तोपर्यंत एकदाही धावली नव्हती. चालत होती, तीही कोणाचा तरी हात धरून. धावणे म्हणजे काय, वारा तोंडावर येतो म्हणजे काय, हे तिला ठाऊक नव्हते. खांदे पुढे झुकलेले, पावले फरफटत, मान खाली. वैद्य सांगतील की हा डोळ्यांचा रोग नव्हे. तो सावलीत बसविण्याचा परिणाम होता.

कायद्याचे म्हणाल तर तो स्पष्ट आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ याच्या १६ व्या कलमाने अशा मुलास इतरांच्या बरोबरीने खेळाची व करमणुकीची संधी देणे शाळेवर बंधनकारक केले आहे. ३० व्या कलमात खेळांच्या सोयींची पुनर्रचना करणे, त्यांत निरनिराळ्या इंद्रियांना उपयोगी पडतील अशा गोष्टींची तरतूद करणे व त्यासाठी तंत्र विकसित करणे ही कामे सांगितली आहेत. यास्तव 'सूट' हा शब्द आपल्या नोंदवह्यांतून जावयास हवा. कायदा मी एवढ्यावरच आटोपतो, कारण कलम वाचून चेंडू वाजत नाही.

आता साधनांकडे वळतो. खेळाचे कोणतेही साधन खेळाडूला काही तरी सांगत असते. चेंडू सांगतो, मी इकडून येत आहे. रेषा सांगते, येथे मैदान संपले. गोलाचे खांब सांगतात, तिकडे मार. डोळस मुलाला हे सारे डोळा सांगतो. तीच वार्ता कानाला किंवा हातापायांना कळेल अशी व्यवस्था केली, म्हणजे दृष्टिहीनाचे साधन झाले. यात नवलाचे असे काही नाही. १९२२ साली मेलबर्न शहरात एका कारखान्यातील दोन अंध कामगारांनी पत्र्याच्या डब्यात खडे घालून त्याचाच चेंडू केला आणि ते क्रिकेट खेळू लागले. अंधांच्या क्रिकेटचा उगम तेथे मानतात. दुसऱ्या महायुद्धात दृष्टी गमावलेल्या सैनिकांसाठी १९४६ साली ऑस्ट्रियाचे हान्स लोरेन्झेन व जर्मनीचे सेप राइंडल यांनी गोलबॉल नावाचा खेळ बसविला. त्यात प्रत्येक बाजूला तीन खेळाडू असतात आणि घुंगरांचा चेंडू जमिनीवरून सरपटत टाकावयाचा असतो. पुढे १९७६ साली टोरांटोच्या पॅरालिम्पिकपासून त्याला पदके मिळू लागली.

आपल्या देशात वाजणाऱ्या चेंडूने मोठी मजल मारली आहे. अंधांच्या क्रिकेटचा पहिला विश्वचषक १९९८ साली दिल्लीत झाला. पुढे भारताच्या पुरुष संघाने विश्वचषक अनेकदा जिंकले, आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये कोलंबो येथे अंध महिलांच्या पहिल्याच वीस षटकांच्या विश्वचषकात आपल्या मुलींनी अंतिम सामन्यात नेपाळचा पराभव केला. या खेळाचे साधन व नियम शेजारी शेजारी ठेवून पाहण्यासारखे आहेत. चेंडू कठीण प्लास्टिकचा आणि आत पोलादी छर्रे. असा चेंडू जमिनीवरून घरंगळताना वाजतो, परंतु हवेत असताना जवळजवळ मुका होतो. म्हणून नियमाने गोलंदाजी खांद्याखालून करावयाची आणि चेंडूने खेळपट्टीच्या मध्यापूर्वीच जमिनीला टेकले पाहिजे असे ठरविले. फलंदाज तयार आहे ना, हे गोलंदाज आधी विचारतो, होकार आल्यावर 'प्ले' असे ओरडून मगच चेंडू सोडतो. अकरांत निदान चार खेळाडू पूर्ण दृष्टिहीन असावे लागतात. साधनात जे उणे राहिले ते नियमाने भरून काढले. शिक्षकाने ध्यानात ठेवावयाचे ते हे, की साधन बनविणे आणि नियम बनविणे ही दोन कामे नव्हेत, एकच काम आहे.

आता आपल्या भागात आम्ही जे करून पाहिले ते सांगतो. तारापूर औद्योगिक क्षेत्रातील एका लहान कारखान्यात प्लास्टिकचे साचेकाम करणारे एक मेस्त्री आहेत. त्यांनी सुटीच्या दिवशी आपला वेळ दिला. मघाशी सांगितलेली चौथीची मुलगी आमची परीक्षक होती. चेंडू चांगला की वाईट हे मी ठरवावयाचे नाही, मेस्त्रींनीही नाही, तिनेच ठरवावयाचे, असे आम्ही आरंभीच बोलून घेतले होते. डोळस माणसाला चेंडू दिसतच असतो. त्यामुळे तो किती स्पष्ट ऐकू येतो हे त्याला खरे कळत नाही.

पत्र्याचा डबा प्रथमच बाद झाला. आवाज उत्तम, पण दोन फटक्यांत पत्रा चेपतो आणि कडा हात कापतात. बाटलीत खडे घातले, तर ती एकाच दिशेने घरंगळते. चिंध्यांच्या चेंडूत घुंगरू शिवले, तेव्हा कापडाने आवाज गिळून टाकला. चेंडूवर प्लास्टिकची पिशवी बांधून पाहिली. तिच्या चुरचुरीने काम होते, पैसा लागत नाही, आणि ज्या शाळेत उद्याच आरंभ करावयाचा आहे तिने हेच करावे, मात्र पिशवी चार दिवसांत फाटते. नंतर मेस्त्रींनी कठीण पोकळ गोळा आणला व त्यात सायकलच्या दुकानातील छर्रे घातले. छर्रे अधिक तर आवाज अधिक, असे कोणासही वाटेल. तसे होत नाही. गोळा अर्धा भरला की छर्रे एकमेकांवर बसतात आणि नुसती घरघर होते. थोडेच घातले तर ते मोकळेपणी उडतात व ठणठण असा तुटक, टोकदार आवाज येतो. मुलीने दोन्ही ऐकले. पहिल्याकडे बोट दाखविताना ती हातभर चुकली, दुसऱ्याकडे अचूक दाखविले.

याचे कारण शास्त्रात आहे, आणि ते वर्गात सांगण्यासारखेही आहे. आवाज डावीकडून आला तर तो डाव्या कानाला किंचित आधी व किंचित मोठा पोहोचतो. त्या सूक्ष्म फरकावरून मेंदू दिशा ताडतो. तुटक आणि अनेक स्वरांनी मिसळलेल्या आवाजाचा आरंभ दर वेळी नवा मिळतो, म्हणून हा फरक चटकन पकडता येतो. एकसुरी, अखंड भोंग्याची दिशा लागत नाही. कारखान्याचा भोंगा वाजला म्हणजे तो कोणत्या बाजूने वाजतो याविषयी आपणही वाद घालतोच की! यावरून आणखी एक गोष्ट निघते. खेळताना मुलाचे दोन्ही कान उघडे हवेत व मान मोकळी हवी. थंडीत कानटोपी घालून आलेल्या मुलाने आधी टोपी काढावी.

कठीण गोळ्याला एक दोष होता, तो लागतो. पहिली-दुसरीच्या पोरांच्या नडगीवर तो बसला म्हणजे खेळ तेथेच संपतो. तेव्हा लहान वर्गांसाठी आम्ही निराळा मार्ग धरला. फुटबॉलएवढा साधा रबरी चेंडू घ्यावा, त्याला बोटभर चीर द्यावी, आत सात-आठ मोठे घुंगरू सोडावेत आणि सायकलच्या पंक्चरचे ठिगळ लावून चीर बंद करावी. नंतर चेंडूला सर्व बाजूंनी पेन्सिल जाईल अशी भोके पाडावीत. भोकांवाचून आवाज आतच कोंडतो. गोलबॉलच्या चेंडूलाही यासाठीच आठ भोके असतात. भोके पडल्यावर हवा राहत नाही व चेंडू फारसा उसळत नाही, पण आपल्याला तेच हवे आहे. तो जमिनीला धरून राहतो आणि म्हणून बोलत राहतो. कोणत्याही गावच्या पंक्चरवाल्याकडे हे काम अर्ध्या तासात होते. चेंडूचा रंग पिवळा किंवा पांढरा असावा. दृष्टिबाधित म्हणून नोंदलेल्या बहुतेक मुलांना काही ना काही दिसत असते, उजेड, हालचाल, ठळक रंग. काळ्या-तांबड्या मातीवर पिवळा चेंडू त्यांना उपयोगी पडतो. असलेल्या दृष्टीचा उपयोग करू न देणे हाही एक प्रकारचा अन्यायच होय.

मग त्या मुलीने आम्हां सर्वांना निरुत्तर केले. ती म्हणाली, "काका, धावतो तोवर हा बोलतो. थांबला की मुका होतो. मग मी कुठं शोधू?" चेंडू थांबला की कोणी तरी डोळस मूल धावत जाऊन तो तिच्या हाती आणून देई, आणि ते तिला नको होते. चेंडू तिचा तिलाच मिळावयास हवा होता.

विजेवर सतत टिकटिकणारे चेंडू निघाले आहेत. अमेरिकेत त्यांवर बेसबॉलसारखा एक खेळही चालतो. परंतु विजेरीचा खर्च, आपल्या किनाऱ्यावरची दमट हवा, आणि आत एक तार सुटली की साधन कपाटात जाऊन बसणार, हे सारे पाहता प्राथमिक शाळेने तेथून आरंभ करू नये असे माझे मत आहे. अंधांच्या फुटबॉलमध्ये मैदानाच्या दोन्ही लांब बाजूंना फळ्या उभ्या करतात. चेंडू त्यांवर आपटून परत येतो आणि फळीच्या आवाजावरून खेळाडूला बाजू कळते. आपल्या शाळांना फळ्या कोठून? पण व्हरांड्याची भिंत आहे, कुंपण आहे. एका बाजूला भिंत व दुसऱ्या बाजूला बाके आडवी लावली की अडीच-तीन मीटर रुंदीचा पट्टा तयार होतो. त्यात चेंडू हरवत नाही. थांबला तरी भिंतीच्या कडेला हात किंवा पाय फिरविला की सापडतो. आता तो तिचा तीच काढते. लक्ष्य कोठे आहे हे कळावे म्हणून गोलामागे एक मूल मध्यान्ह भोजनाची ताटली व चमचा घेऊन उभे राहते आणि फटक्यापूर्वी तीनदा वाजविते. मोठ्या स्पर्धांतही गोलामागचा मार्गदर्शक खांब ठोकून जागा दाखवितो.

आता त्या 'एकच' शब्दाकडे येतो. चेंडू झाला, पट्टा झाला. पण खेळावयाचे कोणाबरोबर? तिच्याबरोबर डोळस मुले खेळू लागली तेव्हा एक तर ती तिला मुद्दाम जिंकू देत, नाही तर विसरून जात. दोन्हींत खेळ नव्हता. गोलबॉलमध्ये सर्व खेळाडूंच्या डोळ्यांवर जाड पट्टी असते, कारण कोणास थोडे दिसते, कोणास मुळीच नाही, आणि पट्टीने ते सारे एका पातळीवर येतात. हीच युक्ती आम्ही संपूर्ण वर्गाला लावली. तीन विरुद्ध तीन, सर्वांच्या डोळ्यांवर पट्टी, उरलेला वर्ग सभोवती चिडीचूप. पहिल्या दिवशी डोळस मुले भिंतीवर आदळत होती, चेंडू एकीकडे आणि ती दुसरीकडे. आणि ही मुलगी तिसऱ्या मिनिटाला चेंडू अडवून उभी होती. त्या दिवसापासून संघ पाडताना तिला आधी मागून घेतात.

म्हणून कोणी मला विचारले, की साधनांची यादी द्या, तर मी म्हणतो, एक चेंडू आणि तीस पट्ट्या. चेंडू त्या मुलासाठी आहे, पट्ट्या इतरांसाठी आहेत. एकाच मुलासाठी केलेले साधन हे खेळणे होते. वर्गाने उचलले म्हणजे त्याचा खेळ होतो. पट्टी काळ्या कापडाची दुहेरी असावी, मध्ये कापसाचा थर असावा म्हणजे नाकाजवळच्या फटीतून दिसत नाही. पट्टी ज्याची त्याने वापरावी, नाव घालून ठेवावी आणि आठवड्याला धुवावी. पावसाळ्यात डोळे येण्याची साथ आली की पट्ट्यांचा खेळ पूर्ण बंद. ही सूचना किरकोळ वाटेल, पण एका पट्टीने सारा वर्ग आजारी पडला तर पालक खेळच बंद पाडतील.

आपल्याकडे 'आंधळी कोशिंबीर' आहेच, मग यात नवे ते काय, असे एका गुरुजींनी मला विचारले. फरक असा की कोशिंबिरीत एकालाच पट्टी असते आणि त्याची फजिती हीच इतरांची मौज असते. येथे सर्वांना पट्टी आहे आणि मौज चेंडू अडविण्यात आहे. खेळ संपल्यावर मुलांना 'अंधांना कसे वाटत असेल, सांगा पाहू' असे विचारण्याची हौस काही शिक्षकांना असते. कृपा करून ते विचारू नका. गुण किती झाले तेवढे विचारा.

धावण्याची व्यवस्था याहून सोपी आहे. दोन खांबांच्या मध्ये मुलाच्या कमरेच्या उंचीवर दोर ताणावयाचा व त्यात आधीच बांबूची वीतभर नळी ओवून ठेवावयाची. मूल नळी धरून धावते. नळी दोरावरून सरकताना खरखरते तीही सोबत होते. अंतर तीस मीटरांहून अधिक ठेवू नये, दोर मध्ये झोळ खातो आणि आधाराला खुंट देता येत नाही, नळी अडते. शेवटच्या खांबाच्या तीन-चार मीटर अलीकडे दोराला जाड गाठ असावी: नळी गाठीवर आपटली की थांबावयाचे. ही गाठ विसरलात तर मूल खांबावर जाऊन आदळेल. सातपाटी, मुरबे, दांडी, नवापूर येथील मच्छीमार बांधवांना दोर ताणण्याची व त्याचे पदर एकमेकांत गुंफून पक्का फास करण्याची जी विद्या अवगत आहे, तिचा येथे लाभ घ्यावा. आमचा दोर एका नाखवांनी बांधून दिला, तो दोन पावसाळे टिकला.

दोरावर धीर आला की जोडीने धावणे. मोठ्या शर्यतींत दृष्टिहीन धावपटू व त्याचा सोबती यांच्या हातात एक लहान दोरी असते. ती तीस सेंटिमीटरांहून लांब नसावी व ताणली जाणारी नसावी असा नियम आहे. सोबत्याने ओढावयाचे नाही, आणि शेवटची रेषा धावपटूनेच आधी ओलांडावयाची. पॅरिस येथे २०२४ साली सिमरन शर्मा हिने दोनशे मीटरांत भारताला कांस्यपदक मिळवून दिले ते अशाच सोबत्याबरोबर धावून. आपण निवारीच्या पट्टीला दोन्ही टोकांना फास शिवले की काम झाले. सोबती निवडताना वर्गातला सर्वांत वेगवान मुलगा निवडू नये. त्याला मागे राहणे जमत नाही.

मैदानाच्या रेषेविषयी दोनच शब्द. फक्कीची रेषा डोळ्यांसाठी असते. तिच्याखाली काथ्याची दोरी अर्धी जमिनीत पुरली की तीच रेषा अनवाणी पायाला लागते. गोलबॉलच्या मैदानात चिकटपट्टीखाली तीन मिलिमीटर जाडीची दोरी घालतात, तत्त्व तेच. खिळे मात्र वापरू नयेत.

काही देशी खेळांना साधन लागतच नाही, हे आपण पुरेसे ओळखलेले नाही असे मला वाटते. कबड्डीत चढाई करणाऱ्याला अखंड 'कबड्डी कबड्डी' म्हणावे लागते. हा नियम दृष्टिहीनांसाठी केलेला नाही, परंतु तो कोठे आहे हे त्या दमावरूनच समजते. बचाव करणारे मुके असतात. त्यांच्या पायांत घुंगरू बांधले की दोन्ही बाजू बोलू लागतात. धडका लागतात म्हणून हा खेळ पाचवीच्या पुढे व मऊ मातीवरच घ्यावा. दोरीच्या मल्लखांबाची गोष्ट तर आणखी वेगळी. दोर एकदा हाताला लागला की खेळाडू कोठे आहे हे त्याच्या प्रत्येक अवयवाला कळत असते, डोळ्यांना तेथे फारसे काम नाही. पद्मश्री उदय देशपांडे यांनी दादरच्या शिवाजी उद्यानाजवळील श्री समर्थ व्यायाम मंदिरातून मल्लखांब दूरवर पोहोचविला, आणि दृष्टिहीन मुलांनाही तो शिकविला. ज्या शाळेत जाणकार शिक्षक आहे तिने हा मार्ग जरूर धरावा. जाणकार नसेल तर दोर टांगू नये.

बुद्धिबळाचा पट आपण पाहिला असेल. काळी घरे किंचित उंच, प्रत्येक घरात भोक, सोंगट्यांच्या बुडाला खुंटी व काळ्या सोंगट्यांच्या डोक्यावर एक टोक. हाताने चाचपले तरी सोंगटी हलत नाही. या खेळाची आंतरराष्ट्रीय ब्रेल बुद्धिबळ संघटना आहे, आणि भारतात हा खेळ संघटित करण्यात मुंबईचे चारुदत्त जाधव यांचा वाटा मोठा आहे. ते स्वतः दृष्टिहीन आहेत. आपल्याकडे जून ते सप्टेंबर पत्र्यावर पाऊस कोसळू लागला की वर्गात शेजाऱ्याचे बोलणे ऐकू येत नाही. घुंगरांचा चेंडू त्या चार महिन्यांत निरुपयोगी असतो. तेव्हा पट काढावा. हस्तकलेच्या तासाला जाड पुठ्ठ्याचा तो करता येतो.

पोहण्याविषयी एकच सांगतो, कारण आपल्या शाळांत तलाव नाहीत. विदर्भाच्या कांचनमाला पांडे यांनी २०१७ साली मेक्सिको येथील जागतिक दिव्यांग जलतरण स्पर्धेत दोनशे मीटर मिश्र प्रकारात सुवर्णपदक मिळविले. त्यांच्या गटात भिंत जवळ आली की काठावरचा माणूस लांब काठीच्या टोकाला बसविलेल्या मऊ गोळ्याने पोहणाऱ्याला हलकेच स्पर्श करतो. जगज्जेत्या खेळाडूचे साधन एवढेच आहे, काठी आणि गोळा.

एक सावधगिरी मात्र प्रत्येकाने बाळगावी. मूल दृष्टिहीन आहे एवढ्यावर थांबू नका, कशामुळे आहे हे प्रमाणपत्रात किंवा वैद्यांकडे पाहा. ज्यांच्या डोळ्याचा आतला पडदा सुटण्याचा धोका आहे, अशा मुलांना डोक्याला धक्का बसेल असे खेळ, उड्या व कुस्तीसारखे प्रकार देऊ नयेत. त्यांच्यासाठी दोरावरचे चालणे व बुद्धिबळ आहे. विशेष शिक्षक आपल्या गटात येतात, त्यांना आधी विचारावे.

आता शेवटी या भागातील एका मोठ्या सोयीविषयी. तारापूरला १९६९ पासून अणुवीज तयार होते. शेजारच्या औद्योगिक क्षेत्रात प्लास्टिक, पोलाद, कापड, यंत्राचे सुटे भाग या सर्वांचे कारागीर आहेत, आणि त्यांपैकी कित्येकांची मुले आपल्याच शाळांत बसतात. एखाद्या पालकाला चेंडू करावयास सांगितले तर तो नाही म्हणत नाही, असा माझा अनुभव आहे. परंतु त्याला नुसती वस्तू मागू नका. मुलाला त्याच्यासमोर उभे करा आणि चेंडू मुलाच्या हाती देऊन त्याचे म्हणणे त्याला ऐकू द्या. आमच्या मेस्त्रींनी छर्ऱ्यांची संख्या सहा वेळा बदलली ती माझ्या सांगण्यावरून नव्हे.

येथे बाजूच्या टेबलावर तीन चेंडू, नळीसह दोर, निवारीची जोडपट्टी आणि पट्ट्यांची एक पेटी ठेवली आहे. चहानंतर सहा-सहांच्या तुकड्या करून आपण व्हरांड्यात खेळावयाचे आहे. चष्मे व घड्याळे काढून ठेवावीत, पादत्राणे बाहेर ठेवावीत, आणि ज्यांची पाळी नाही त्यांनी कृपया बोलू नये. टाळ्या गोल झाल्यानंतर. मेस्त्री येथे आले आहेत, चौथा चेंडू त्यांच्या पिशवीत आहे आणि तो अजून कोणी तपासलेला नाही. ज्या गुरुजींच्या वा बाईंच्या शाळेत असे मूल आहे त्यांनी जाण्यापूर्वी मुलाची इयत्ता, त्याला काय दिसते व मैदान कशाचे आहे, वाळूचे, मातीचे की सिमेंटचे, एवढे कागदावर लिहून माझ्याकडे द्यावे. वाळूवर हा चेंडू वाजत नाही. चिंचणी व केळव्याकडच्या शाळांसाठी निराळी व्यवस्था करावी लागेल.